शेऱ्याचा रकाना

ओराहोव ब्रोदला मी पोचले तेव्हा
गाडीच्या काचेवर रस्त्यावरचं मीठ गोठलं होतं.
खात्याच्या दोन निळ्या फायली, एक थर्मास.

इमारत एक.
छप्पर एक, तेही नदीच्या अंगाला गळतं.
शाळा दोन.
रस्त्याकडच्या दारानं शिरतात ती मुलं वेगळी,
नदीकडच्या दारानं शिरतात ती वेगळी.
पटांगणाच्या मधोमध जाळीचं कुंपण,
अक्रोडापाशी जरासं वाकलेलं.
युद्धानंतर ते घालायला आलेल्याला
झाड तोडायचा कंटाळा आला असावा.

पहिला तक्ता: मंजूर पदं.
मुख्याध्यापक दोन. सेनिया बाई. तिहोमिर सर.
भूगोलाला दोन शिक्षक, नदी तीच.
संगीताला दोन, पियानो एकही नाही.
भाषेला दोन:
एका वर्गात पाव म्हणजे ह्ल्येब, भिंतीपल्याड क्रूह,
आणि मधल्या सुट्टीत दोन्हीकडे
कोपऱ्यावरच्या बेकरीतला, कालचा.

बॉयलरवाला मात्र एक,
कारण बॉयलर एक.
"तुम्ही कुठल्या शाळेचे?"
"डिसेंबरात ह्यांचा, जानेवारीत त्यांचा.
फेब्रुवारीचं अजून ठरायचंय."
नाव यासेन्को.
नावावरून काहीच पत्ता लागेना.
वडलांचं नाव विचारणार होते मी,
सवयीनं ओठ उघडलेही होते,
तेवढ्यात तो फावडं घेऊन कोळशाकडे वळला.

दुसरा तक्ता: पट.
पहिलीत इकडे अकरा, तिकडे सहा.
पंधरा नसतील तर तुकडी बंद, असा नियम.
मी पेन्सिलीनं कडेला सतरा लिहिलं.
बराच वेळ बघत राहिले त्या आकड्याकडे,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.
मग खोडलं. खोडरबराचा चुरा फुंकला.

सेनिया बाईंनी कॉफी दिली, बिनसाखरेची.
तिहोमिर सरांनी दिली, साखर घालून.
दोघांनीही दार लोटून घेतलं
आणि आवाज खाली आणून एकच विचारलं:
"त्यांची किती भरली?"

तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले.
गुडघे मावत नव्हते.
फळ्यावर नकाशा, त्यात आपला डोंगर हिरवा,
पलीकडचा नुसताच कागद.
आणि पाइप वाजला.
टक. टक-टक.
भिंतीतून आरपार गेलेला गरम पाण्याचा पाइप,
एक टोक ह्या वर्गात, एक त्या.
खिडकीशी बसलेल्या पोरानं
कंपासपेटीतला काटा काढला
आणि फळ्यावरची नजर न हलवता
उत्तर दिलं.
पलीकडून लगेच चार ठोके. कोणीतरी हसलं.
बाईंनी ऐकलं. बाईंनी नकाशाच दाखवत ठेवला.

ही भाषा कोणत्या विषयगटात येते?
हिला शिक्षक कोणी मंजूर केला?
सगळे गेल्यावर मीही वाजवून पाहिलं, पेनाच्या टोपणानं.
खूप वेळ काही नाही.
मग खालून, तळघरातून,
एकच ठोका. जड. फावड्याचा असावा.

संध्याकाळी गाडीतच अहवाल लिहायला बसले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, पाइपातून आवाज येतो.
लिहिलं आणि थांबले.
वर गेलं असतं तर निविदा निघाली असती,
मिस्त्री आला असता,
दोन वेगळ्या लाइनी टाकून गेला असता, पक्क्या.

ओळ खोडली, वाचता येणार नाही अशी.
खाली लिहिलं: कोळसा मार्चपर्यंत पुरेल.
हे खोटं होतं. यासेन्को म्हणाला होता,
जेमतेम तीन आठवडे.