अबई

दादू चौगुल्यांनी वडणग्याहून पिशवीभर अबई आणली.
आई असती तर म्हणाली असती,
दोनदा उकड, पाणी ओत, नाहीतर पोटात कळ येईल.
मी उकडत नाही. कच्चंच बी दळते,
सागरमाळावरच्या थंड खोलीत.

आत एक प्रथिन आहे:
चार भावंडं, घडीच्या वाकळेसारखी, पाठीला पाठ लावून.
प्रत्येकाच्या उंबऱ्याशी मँगनीज, कॅल्शियम,
आणि लागूनच एक उथळ खळगा. साखरेचा.
कुठल्याही नाही. ग्लुकोज चालतो, मॅनोज जास्त लाडका;
गॅलॅक्टोज आला,
चौथ्या कार्बनवर एवढा एकच हात वर वळलेला,
की ओळख नाही.

बाबा गुळव्या होते. काहिलीतला पाक
दोन बोटांत ताणून म्हणायचे, उतरवा.
कशावरून, ते सांगता यायचं नाही.

प्लेटमध्ये रक्त सोडलं.
पेशी एकमेकींना धरून जाजमासारख्या पसरल्या.
मॅनोज घातलेल्या रांगेत मात्र
कुणी कुणाला धरलं नाही,
तळाशी नुसते लाल ठिपके.

शेवटच्या रांगेत, उगाच,
गूळ विरघळवून घातला.
थोड्या सुटल्या.
वहीत लिहिलं: अर्धवट.
पुढे लिहिलं, बाबांच्या हातचा असता तर
आणि खोडलं.