परत आलेल्या चारशे एकतीस

पाचशे छापल्या होत्या. परत आल्या चारशे एकतीस.
मोजल्या मीच.
भुसावळ, पार्सल ऑफिस, शहात्तर सालचा मे,
पंखा बंद, रजिस्टरवर घामाचे ठिपके,
आणि प्रत्येक कव्हरवर तोच लोको शेड,
पुढे बेलबॉटम घालून पाच जण,
जणू इंजिन त्यांच्या बापाचं.
एकाच्या होतंच तसं. नेव्हिलचा बाप मेल ड्रायव्हर.

बेसवर रुबाब तडवी, सातपुड्याच्या पायथ्याचा, बॉयलरमेकर.
त्याचं बोट तारेवर पडलं की
इन्स्टिट्यूटच्या लाकडी फळ्यांतून
आवाज पोटऱ्यांत चढायचा.
ढोलकी सोडून ड्रमवर बसलेला चावदस नारखेडे.
ट्रम्पेट एलिया साळवेचं, रविवारी चर्चमध्ये,
लग्नसराईत वरातीत, उरल्या वेळात आमचं.
याला फंक म्हणतात हे कव्हर छापणाऱ्यानं सांगितलं.
आम्ही शंटिंग म्हणायचो.
पुढे. मागे. धक्का. थांब.
धक्का.

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
मध्येच सगळे गप्प होतात, दीड सेकंद,
आणि शिट्टी वाजते. गार्डाची. खरी.

यार्डाच्या कडेला इस्माईलच्या टपरीनं
नवा भोंगा बसवला होता.
रात्री एकला तिसरं गाणं लागलं,
पेंगुळलेल्या शंटरनं हँडल ओढलं,
केळीच्या सात वॅगन निघाल्या
त्या थेट बफरपर्यंत.
मेलं कुणी नाही.
दिल्लीला जायची केळी रुळांवर पसरली,
उजाडेपर्यंत म्हशी हजर.

ते वर्षच असं, की शिट्टीनंसुद्धा परवानगी काढून वाजावं.
चौकशी बसली. तबकडी तात्काळ मागे घ्यावी, असं ठरलं.
पाच जणांच्या पाच दिशांना बदल्या,
इटारसीला कोण, दौंडला कोण,
एका डिव्हिजनमध्ये दोघं नकोत.
मला विचारलं, शिट्टी कुणाची?
मी म्हणालो, साहेब, मी तेव्हा जेवायला गेलो होतो.

परत आलेला माल किलोवर गेला.
जळगावच्या एका कारखान्यानं तो वितळवून फण्या काढल्या.
त्या वर्षी जिल्ह्यातल्या कितीतरी पोरींनी
रुबाबच्या बेसनं केस विंचरले
आणि त्यांना कळलंही नाही.

परवा ओसाकाहून एक माणूस आला. तात्सुया.
सोबत एलियाचा नातू, दुभाषी म्हणून.
हातात पांढरे सुती मोजे,
मोज्यांत ती. उरलेल्या एकोणसत्तरांतली एक,
कव्हरवर चहाच्या कपाचं गोल.
चार लाख वीस हजार मोजलेत म्हणे तिचे.
(आम्हांला रेकॉर्डिंगच्या दिवशी जेवण मिळालं होतं,
भरीत, कळण्याची भाकरी. भाड्याचे पैसे ज्याचे त्यानं.)

छोट्या यंत्रावर त्यानं सुई ठेवली.
माझ्या ओसरीत बेचाळीस डिग्रीत
रुबाब परत आला,
सहा वर्षांपूर्वी यावलला पुरलेला रुबाब,
आणि माझ्या पोटऱ्यांना, या वयात, लाज वाटेना.
तिसरं गाणं.
दीड सेकंद.
मी नकळत श्वास भरून घेतला.

त्यानं तो पाहिला असावा.
वही उघडून विचारलं, नावं सगळी मिळाली,
फक्त शिट्टी कुणाची, ते कुठं लिहिलेलं नाही.
नातू माझ्याकडे बघत राहिला.
पेन्शन चालू आहे. फाइल बंद झाल्याचं
मला कुणी आजवर कळवलेलं नाही.
मी म्हणालो, मी तेव्हा जेवायला गेलो होतो.
नातवानं काय सांगितलं कुणास ठाऊक,
तो माणूस कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेला.

ते गेल्यावर कुमुदच्या डब्यातली काळी फणी काढली.
चार दात पडलेत. दोन केस अजून अडकून आहेत,
ते तसेच ठेवले.
अंगठ्याचं नख एका टोकापासून फिरवलं,
जिथं दात नाहीत तिथं थांबलो,
मग पुढे.