तांबट आळी

पुरूकाका बहिरा आहे
हे मला दहाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.
सकाळी सातपासून ठोक्यांचा कल्लोळ,
सिंहस्थाच्या साली तर रात्रीही,
गंगाजळीचे गडू पुरे पडायचे नाहीत.
सगळी आळीच हातांनी बोलायची.
अंगठा ओठाशी : चहा.
मूठ मागेपुढे : भाता ओढ.
काठ वाकडा गेला
की बाबा नुसती भुवई उचलायचे.
काका घागरीला तळहात लावून
ठोका कुठे पोकळ पडला ते दाखवायचा
आणि कानवाले माना डोलवायचे.

मग स्टील आलं. भट्ट्या विझल्या एकेक.
आता मोबाइलची दुकानं, एक पार्लर,
आणि शांतता.
तिच्यात लोक तोंडानं बोलू लागले
आणि पुरूकाका बहिरा झाला.
साठाव्या वर्षी.

काल त्याच्याबरोबर शालिमारला बँकेत गेले.
खिडकीतला मुलगा मान खाली घालून पुटपुटला,
मग मला म्हणाला, "यांना काय हवंय?"
मी सांगणारच होते.
काकानं माझं मनगट धरलं.
काउंटरवर दोन ठोके दिले,
घागरीच्या बुडावर देतात तसे.
मुलानं वर पाहिलं.
काकानं हवेत पासबुक उघडलं,
हवेतच शिक्का मारला.
मुलगा गोंधळला, हसला,
मग दोन बोटं घड्याळावर टेकवली.
काका बाकावर जाऊन बसला, निवांत.

परतताना मी काहीबाही बोलत होते,
सवयीनं, तोंडानं,
दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या.
आळीच्या तोंडाशी काका थांबला
आणि त्यातली एक
त्यानं माझ्याकडून घेतली.