अज्ञात स्रोत

ढवळीकरकाकांनी फोन दिला तो
कव्हरमध्ये दुमडलेल्या दहाच्या नोटेसकट.
"हल्ली अडकून राहिलाय जरा," म्हणाले,
"बघ ना तू. तुझं तर शिक्षणच त्यातलं."

सुदामा नगर, दुपारचे अडीच.
कूलरमधून वाळ्याचा ओला वास,
स्टीलच्या वाटीत आठ गोळ्या,
त्यातली एक अर्धी, ब्लेडनं कापलेली.

पडदा उजळला
आणि आतून सुशीआत्या बोलली,
"अडीच वाजले. पिवळी गोळी घेतलीत का?"

माझी आत्या.
दोन उन्हाळ्यांपूर्वी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून
तिनं एक्केचाळीस वाक्यं म्हटली होती,
शेजारचा मिक्सर ऐकू येऊ नये म्हणून.
विसाव्या वाक्याला चिडली, मी काय रेडिओ आहे?
'पांढरी'च्या आधी ती खाकरते,
ते कापायचं राहिलं, मग ठेवूनच दिलं.
नोकरीवरून आल्यावरच्या अकरा महिन्यांच्या रात्री.
किंमत लावली एकशे वीस रुपये, एकदाच.

इथं माझ्या नावाच्या जागी
कुणाचा तरी टेलिग्रामचा पत्ता होता.
नाव पुसणाऱ्याला आवाज पुसता आला नव्हता,
किंवा पुसावासा वाटला नव्हता.

"कुठून घेतलंत हे?"
"जेल रोड. पोरगा म्हणाला, बाबूजी,
कंपनी का एक सौ बीस, अपना तीस में.
वर दोन भजनं टाकून दिली."
आणि हसले, भाव पाडून आलेला माणूस हसतो तसे.
हे ढवळीकर.
वीज मंडळात तेहतीस वर्षं,
खांबावर चढून लोकांचे आकडे उतरवणारे,
एकदा सख्ख्या साडूची तार कापून
सहा दिवाळ्या त्या घरी न गेलेले.

मी काहीच बोलले नाही.
तीस रुपयांवरून काय बोलायचं,
आणि नव्वदांवरून तरी काय?

"बाई मात्र भली आहे हो," म्हणाले.
"घेतली म्हटलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा विचारते.
तुझ्या काकूसारखी. विश्वास म्हणून नाही."

ते पुन्हा विचारणं
माझी चूक होती.
फाल्गुनात सापडली, एका रात्रीत दुरुस्त केली,
पैसे भरलेल्या सगळ्यांकडे सकाळपर्यंत पोचली.
चोरवाटेनं आलेल्या मालाला
टपालाचा पत्ता नसतो.

"आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही काय करता?"
"कधी सांगतो, घेतली बाई.
कधी वाटतं, खरंच राहिली असेल.
मग घेतो."

वाटीतली ती अर्धी गोळी
रक्त पातळ करायची होती.

लॅपटॉप काढला, वायर जोडली.
नवं चढेना. फोन म्हणे, सही जुळत नाही,
आधी जुनं काढा.
काढलं, तर चौदा महिन्यांच्या हिरव्या खुणा गेल्या
त्याच्याबरोबर.
काकू गेल्या त्या आठवड्यापासूनच्या.
हे मला काढल्यावर कळलं.
"जाऊ दे," म्हणाले, "गोळ्या तर पोटात गेल्या ना."

मग माझ्याच हातच्या प्रतीला
फोननं हटकलं,
जेल रोडच्या पोरालाही असंच हटकलं असेल.
अज्ञात स्रोत. परवानगी द्यायची?

"काय म्हणतोय?"
"मी कोण, ते विचारतोय."
"सांग की, टेंब्यांची धाकटी."
आणि चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी स्वतःच बोट टेकवलं.

मी तीनची वेळ लावून दिली.
आत्या खाकरली.
"तीन वाजले. पांढरी गोळी घेतलीत का?"
"घेतली," काका फोनला म्हणाले,
आणि वाटी मांडीवर घेऊन बसून राहिले.

तीन पाच.
कूलरचं पाणी संपत आलं, पंप कोरडा घरघरला.
तीन दहा.
तीन बारा.

"विचारत नाही गं आता," म्हणाले.