फहाहीलमध्ये वायर ओढताना

करारात लिहिलंय, भिंतीला भोक पाडायचं नाही.
म्हणून हॉल ते बेडरूम अठरा मीटर वायर
मी चौकटीवरून, एसीच्या जाळीमागून,
कपाटाच्या पाठीमागून वळवत नेली.
शौकत मुकादम शिडी धरून उभा,
दर दोन मिनिटांनी तेच :
"अरे, वायफाय असताना हे कशाला?"

भिंती जाड आहेत, शौकत.
सिग्नल आत शिरतो तो
सरकारी कचेरीत गेलेल्या अर्जासारखा,
पलीकडे निघेल याची खात्री नाही.

हारिस वर आला. लोंबती वायर पाहिली,
डोळे मिटून म्हणाला, "माफी मुश्किला,"
आणि तीन चमचे साखरेचा चहा पिऊन गेला.

राउटर फ्रिजवर.
दोन डिस्कांचा काळा डबा चपलांच्या कपाटात,
कारण तिथंच प्लग होता.
एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं,
एक गेली तरी दुसरी राहते.
"किडनीसारखं," हेमांगी म्हणाली
आणि नाइट ड्युटीची झोप घ्यायला वळली.
डायलिसिसला असते ती. तिला लगेच पटलं.

गुरुवारी धूळ उठली.
रिफायनरीची ज्योत दिसेना, समोरची मशीद दिसेना,
डब्याचा पंखा दम्यासारखा वाजायला लागला.
डिस्क त्रेपन्न अंश. बाहेर अठ्ठेचाळीस.
चपलांसाठी मी टेबलफॅन लावला.
निषाद शाळेत सांगून आला,
आमच्या घरी बुटांना वारा घालतात.

मग कॅसेट काढली.

नव्वदच्या सप्टेंबरात बाबा याच गावातून निघाले :
बस, वाळू, कुठलेसे तंबू, मग विमान.
हाती एक पिशवी.
टेपरेकॉर्डर इथंच राहिला, कॅसेट घरी आली.
कव्हरवर आईचं अक्षर :
गुहागर. घरचं सगळं.

लॅपटॉपला जोडून ऐकलं.
घरचं काहीच नाही.
खरखर. दूरच्या स्टेशनवरचा बातम्या देणारा माणूस.
किती विमानं, कुठल्या दिवशी, नावं कुठं नोंदवायची.
मध्येच एक खोकला, खोलीतला.
तो मी ओळखला.

कोरी कॅसेट नसणार त्यांच्यापाशी.
घरी पोचायला
त्यांनी घरचं सगळं पुसलं.

चव्वेचाळीस मिनिटं ती खरखर.
शेवटी खट्.
आणि पुसायची राहून गेलेली
सव्वीस वर्षांची बाई :
"अगो मंदे, हे बंद कसं करायचं?"

तीन सेकंद. अठ्ठेचाळीस केबी.
चार टेराबाइटच्या घरात
पायपुसण्याएवढीही जागा अडली नाही.
फाईलला नाव देताना मात्र अर्धा तास गेला.
शेवटी लिहिलं, "आई, बंद".
दुसऱ्या डिस्कवर तेच उमटलं, न विचारता.

शुक्रवारी सगळं टीव्हीला जोडलं.
शौकत आला, बिर्याणी घेऊन आला.
मोठ्या पडद्यावर नुसता काळा चौकोन आणि तो आवाज.
अडकला नाही, फिरतं चक्र दिसलं नाही.
इतक्या लहान गोष्टीला वाट लागत नाही.
पुन्हा लावला. पुन्हा.
शौकतनं वायरीबद्दल काही विचारलं नाही.

व्हिडिओ कॉलवर आईला ऐकवला.
कान पुढं करून म्हणाली,
"कोण ही? किती घाई हिला."
मी म्हटलं, असेल कुणीतरी.
मग भाकरीचं पीठ, पंपाचं बिल, मंदामावशीचा गुडघा,
मग "ठेवते हं" म्हणून फोन खाटेवर ठेवला
आणि चालती झाली.

टीव्हीवर आता गुहागरचा पंखा.
तीन पाती, एकाला गंज.
मागं कुठंतरी भांडी, कोंबडी,
मध्येच तिचं कुणाशी तरी बोलणं, शब्द कळत नाहीत.
निषाद म्हणाला, "बाबा, बंद करू?"

फ्रिजवर हिरवा दिवा लुकलुकतोय.
राहू दे, म्हटलं.
बिर्याणी वाढ आधी.