हिरव्यातली फट

उड्डाणाआधी ते खुर्च्यांवर बसतात,
दहा जण, डोळे मिटून,
मुठीत नसलेला दांडा.
म्होरक्या पुटपुटतो: वर... अजून वर... सोड... धूर.
आणि दहा अंगठे एकदम हवा दाबतात.
चर्चमध्ये बसावं तसे बसतात,
फक्त देवाच्या जागी घड्याळ.

मी एर्मेस. मी रंग भरतो.
तीन विमानांत तांबडा, तीनांत हिरवा,
तीनांत पांढरा. पांढऱ्यात रंग नसतोच,
नुसतं तेल जळतं. हे पोरांना सांगत नाही.
दहावा एकटाच कोलांट्या मारतो, त्याचं मनावर घेऊ नये.
हिरवा सगळ्यांत चिवट.
नखांत शिरतो, पावाला लागतो.
बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतही
तुझा अंगठा बघ.

तुल्लिओ सहा नंबर उडवायचा.
चढण्याआधी चाकावर थाप मारायचा,
घोड्याच्या मानेवर मारतात तशी.
फेब्रुवारीत, सरावाला,
तालियामेंतोच्या कोरड्या पात्रात, पांढऱ्या गोट्यांवर...
पुढचं मी लिहीत नाही.

त्याच्या जागी नवा आला, सार्डिनियाचा, कोवळा.
चाकाकडे बघतही नाही.
म्होरक्या म्हणाला, नऊ म्हणजे नऊ.
जागा रिकामी ठेवून उडायचं नाही.
आकाशाचं कबरस्तान करायचं नाही.
बरोबरच होतं त्याचं.

मे महिन्यातला रविवार.
माणसं मक्याच्या बांधावर, तुतीखाली, गाड्यांच्या टपांवर.
डोंगरांवर अजून बर्फ, आणि बर्फातून सुटल्यासारखे ते आले,
पंखाखाली पंख सरकवून,
आवाज मागून धापा टाकत.
तांबडा उमटला. पांढरा.
हिरवा,
आणि हिरव्यात मधोमध एक फट.

सहा नंबर. विमान जागेवर, धूर नाही.

मला ठाऊक होतं. वाल्व.
सकाळी जाको म्हणाला होता, घट्ट फिरतोय.
मी म्हणालो होतो, चालतंय रे.
एवढंच. चालतंय रे.

आता हसतील, वाटलं.
तेवढ्यात बांधावर कुणीतरी टोपी काढली.
मग शेजारच्यानं.
आईस्क्रीमवाल्यानं गाडीतला रेडिओ बंद केला.
टाळ्या मधेच थांबल्या, हात तसेच जुळलेले राहिले,
आणि सगळं शेत उभं राहून
माझी चूक बघत राहिलं.

ती आंकोनाहून रात्रीच्या गाडीनं आली होती.
एल्डा. तुल्लिओची आई.
हे कुणी केलं, म्हणून विचारत फिरली,
आणि एका मूर्खानं माझ्याकडे बोट दाखवलं.
मी हात मागे घेतले.
तिनं ते ओढून काढले, हिरवे,
आणि आपल्या करड्या हातमोज्यांत धरले.
"मला वाटलं होतं," ती म्हणाली,
"जागा लगेच भरलीत तुम्ही."

मी खोटं बोललो नाही.
खरंही बोललो नाही.
हातमोजे मात्र वाया गेले, ते निघणार नाही कधी.

संध्याकाळी म्होरक्या कागद घेऊन आला.
"सहा. वाल्व?"
"वाल्व."
पेन बराच वेळ उघडं धरलं त्यानं.
मग लिहिलं: दोष आढळला नाही.

उरला तो पोरगा.
हँगरमागे बसला होता, हेल्मेट मांडीवर,
"मी दाबलं होतं," म्हणत होता, "आईशप्पथ, दाबलं होतं."
त्याला सांगावंच लागलं.
आधी हसला. खूप हसला.
मग थांबला, आणि विचारलं,
चाकावर थाप तो उजव्या हातानं मारायचा की डाव्या?

मला आठवेना.

नवा वाल्व बसवला त्याच रात्री.
जुना माझ्या खिशात असतो, किल्ल्यांबरोबर.
कुणाची वाट बघताना फिरवून बघतो.
अजूनही घट्टच फिरतो.