वाळायला ओल लागते

लिहितात एक आणि म्हणतात वूच.
नावाचा अर्थ होडी. शहराच्या शिक्क्यावर होडी,
कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा होडी,
आणि नदी? ती कधीच रस्त्याखाली घालून टाकलेली.
ख्वे हसली होती हे कळल्यावर.
तिच्या ह्वेला होडीला कुणी शिक्क्यावर बसवत नाही,
तिच्यात भाजी भरतात.

तेवीस वर्षांची. शिष्यवृत्ती अर्धी,
उरलेली अर्धी मामाच्या मोज्यांच्या गाळ्यावर,
शनिवार-रविवार, बारा जोड्यांचा गठ्ठा, दोरी दातांनी तोडायची.
बॅगेत एक स्वेटर कमी घेऊन
तिनं आणला होता चिकाचा डबा,
झाडाला खाच पाडून पहाटे गोळा केलेला.
कस्टमच्या माणसाला म्हणाली, औषध आहे.
अगदीच खोटं नव्हतं ते.

ऑक्टोबरात फळीवर पहिला हात दिला.
दुसऱ्या दिवशी बोट लावलं : चिकट.
चौथ्या दिवशी : चिकट.
नवव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मांजराचे
तीन केस बसलेले, आणि फळी तशीच,
गुळाच्या ढेपेसारखी.

या चिकाचं सगळं उलटं. ऊन, शेगडी, वारा
कशालाच जुमानत नाही तो.
हवेत पाणी असेल तरच वाळतो.
ख्वेला हे ठाऊक होतं. ओले टॉवेल टांगले,
घमेली भरून ठेवली पलंगाखाली.
रेडिएटर रात्रभर सगळं पिऊन टाकायचा.

तिसऱ्या आठवड्यात खालून भांडायला आल्या
पानी गेनोवेफा.
(इथं बाईंना पानी म्हणतात. आपल्या कानाला
जे ऐकू येतं ते येऊ द्या.)
त्यांच्या छतावर बशीएवढा डाग.
हात कमरेवर, ओठ आवळलेले,
आणि दारात ही पोर, कोपरापर्यंत पुरळ,
मागं खोलीभर ओलंचिंब,
मधोमध एक काळी फळी, आजाऱ्यासारखी निजवलेली.

बाई एकोणतीस वर्षं मागावर होत्या.
फळीकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं,
नाकानं हवा ओढली.
"कोरडी," म्हणाल्या. हा शब्द ख्वेला येत होता.
मग पुष्कळ काही बोलल्या, त्यातलं तिला लागलं एवढंच :
गिरणी. सूत. दोन बोटांनी तुटल्याची खूण.
आणि छताकडे हात करून, फुस्स, फुस्स.
बाकीचं पुढच्या वर्षी कळलं, क्रियापदं आल्यावर :
कोरड्या हवेत सूत टिकत नाही पोरी,
डोक्यावर दिवसभर धुकं सोडायचे आमच्या,
जानेवारीत ओल्या केसांनी घरी जायचो.

डागाचं भांडण राहून गेलं.
फळी गेली तळघरात, धुण्याच्या खोलीत,
जिथं पानी अजून चादरी उकळतात,
मशीनवर विश्वास नाही म्हणून.
भिंतींना घाम. कोनाड्यात काकड्यांच्या बरण्या.
दोघी जिना उतरल्या फळी धरून,
वळणावर थांबल्या,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.

तिसऱ्या दिवशी बोट लावलं.
बोटाला काही आलं नाही.

मग एका सकाळी दाराच्या कडीला
कागदाची पुडी लटकलेली, आत अंड्यांची कवचं.
कुणी कचरा टांगला, तिला वाटलं, जीव बारीक झाला.
तिनंच कधीतरी हातवारे करून सांगितलं होतं :
पांढरा रंग या चिकात जगत नाही,
त्याच्या जागी कवच बसवतात, कण कण.
विसरली होती. पानी विसरल्या नव्हत्या.
धुऊन, आतला पापुद्रा काढून.

मामानं बाजाराजवळ खोली शोधली,
भाडं कमी, भिंती ठणठणीत कोरड्या.
नको म्हणाली.
मामाला वाटलं, प्रेमात पडली कुणाच्या.

आता बारा हात झालेत.
तळघरात बसून ती पाणी घालून फळी घासते,
काळ्याखालून तांबडं, तांबड्याखालून
चांदीचा एक काठ वर येतो.
मांजराचे केस आहेत कुठंतरी खाली, राहू देत.
चादरी रटरटतात.
फरशीखालून काहीतरी वाहतंय असं वाटतं,
ती हात थांबवते, ऐकते.
"नळ असेल," म्हणतात पानी.
ख्वे काही बोलत नाही.
पुन्हा ओंजळभर पाणी घालते, घासत राहते.